दादाचा रेझर, माझी हनुवटी

आमच्या घरात रविवारची सकाळ दादाच्या दाढीने सुरू व्हायची आणि ती दाढी तासभर चालायची. हे मी चिडून लिहिते आहे. शांत, गोड आठवणी हव्या असतील त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे जावं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे मोरी आणि मोरीच्या दाराबाहेर भिंतीला ठोकलेलं बेसिन. बेसिनवर आरसा, आरशाखाली काचेची फळी, आणि ती अख्खी फळी दादाची. घासून गुळगुळीत झालेला ब्रश, स्टीलच्या वाटीत साबणाची वडी, तुरटीचा खडा, आणि मधोमध, जुन्या रुमालाच्या घडीवर, तो रेझर. आईचा कंगवा, माझी क्रीमची ट्यूब, बाबांची कवळीची डबी यांना खिडकीच्या कट्ट्यावर जागा होती. त्या कट्ट्यावर वीज केंद्राची राख येऊन बसायची. वाळत घातलेल्या चादरींवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, कढीपत्त्याच्या पानांवर बसायची तशीच. दादाच्या फळीवरची राख मात्र आई रोज पुसायची.

रेझर त्याला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळाला होता. बंद घड्याळं, बिनकिल्लीची कुलपं आणि गंजके अडकित्ते यांच्या ढिगात. घरी आणला तेव्हा हिरवट काळा होता. दादाने तो चिंचेच्या कोळात ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, परत ठेवला, परत घासला, आणि दोन दिवसांनी आतून पितळ आणि वर थोडा उरलेला चांदीसारखा मुलामा असं त्याचं खरं रूप निघालं. दांड्याच्या बुडाशी एक चकती होती. ती फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं पंख पसरल्यासारखी उघडायची, आत ब्लेड ठेवायचं, उलटं फिरवलं की पंख मिटायचे. दादा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर जगभरातल्या माणसांच्या दाढ्या बघायचा. त्यातून त्याला ‘वेट शेव’ हा शब्द मिळाला होता. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस, मग केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने एक हात, परत फेस, आडवा हात, शेवटी तुरटी. येणाऱ्या जाणाऱ्याला तो रेझर हातात देऊन म्हणायचा, “वजन बघ. आपण दाबायचं नाही. वजनाला त्याचं काम करू द्यायचं.”

बाबांना त्याचं हसू यायचं. ते मूळचे देवळ्याचे, आणि केंद्रात इतकी वर्षं काढूनही घरात बोलताना गावचेच राहिले. “आमच्या गावाला न्हावी पिंपळाखाली बसवायचा अन् चहा निवायच्या आत मोकळं करायचा. ह्याची दाढी हाय का सत्यनारायण?” पण हसतानाही कौतुकच असायचं. आई गरम पाणी आणून द्यायची. त्या पाण्याची वाफ, साबणाचा चंदनी वास, पत्र्यावर खडा घासावा तसा ब्लेडचा बारीक खरखर आवाज, आणि स्वयंपाकघरात रविवारच्या मिसळीसाठी मटकीला दिलेली फोडणी. सगळं घर त्या दाढीभोवती फिरायचं.

आता माझी दाढी. हा शब्द लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून मुद्दाम परत लिहिते: माझी दाढी. सोळाव्या वर्षी हनुवटीखाली काळे केस यायला लागले, अठराव्या वर्षी ते कानापासून कानापर्यंत पोचले. पुढे डॉक्टरांनी हार्मोन्सचं काहीतरी नाव घेतलं, गोळ्या दिल्या, वजन कमी करा म्हणाले. वजन कमी झालं, केस जिथे होते तिथे आहेत. माझ्यासारख्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. आम्ही एकमेकींना ओळखतोही, पण बोलत नाही, कारण बोललं की आपलंही उघडं पडतं. आमच्या घरात दादाच्या दाढीला छंद म्हणायचे आणि माझ्या दाढीला ‘ते’ म्हणायचे. “ते वाढलंय. शनिवारी जाऊन ये.” शनिवारी मी वसाहतीच्या टोकाला, ज्या काकू घरातच पार्लर चालवायच्या त्यांच्याकडे जायची. त्या दोऱ्याचं टोक दातात धरायच्या, “मान वर, जीभ आतून टेकव” म्हणायच्या, आणि भाजी निवडावी तशी माझी हनुवटी निवडायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. चार दिवसांत पुन्हा तेच.

दोऱ्याने भागेना तेव्हा आईने पावडर आणली. पाण्यात कालवायची, लावायची, जरा वेळाने खरवडायची. सडक्या अंड्यांचा वास. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा आईने ती जास्त ठेवली, कारण तिच्या मते मुळापासून जायला हवं होतं. केस गेले आणि कातडीही गेली. हनुवटीवर लाल पेरूच्या आतल्या रंगाचा एक डाग उठला, त्याची खपली धरली, खपलीखालून पुन्हा केस आले. मग मी स्कार्फ बांधायला लागले. नाशकात गाडीवरच्या सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, ऊन आणि धुळीसाठी, त्यामुळे कुणी विचारत नाही. फक्त बाकीच्या मुली वर्गात आल्यावर तो सोडायच्या.

एवढं सगळं चालायचं, पण एका गोष्टीला सक्त मनाई होती. “वस्तरा लावायचा नाही. एकदा लावला की पुरुषासारखी खुंटं येतात, मग आयुष्यभर.” आई हे पोथीतलं वाचावं तसं म्हणायची. हे खोटं आहे. वस्तरा केस मुळाशी आडवा कापतो, म्हणून टोक बोथट होतं आणि हाताला राठ लागतं, बस. केस त्याने वाढत नाहीत, जाड होत नाहीत. हे मी आता आमच्या बायकांच्या गटाच्या पत्रकात मोठ्या टाइपात छापते. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि आईला तर ते देवाच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

एकविसाव्या वर्षी मी कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटायला लागले होते. बसस्टँडवर बायकांसाठी चालू स्थितीतली मुतारी हवी, एवढीच आमची पहिली मागणी. पत्रक लिहिताना आमच्या गटातल्या ताईने एक शिस्त लावली होती: वाक्य छोटं ठेव, लाजू नकोस, ज्याला जे म्हणतात तेच म्हण. मी ‘प्रसाधनगृह’ लिहिलं की ती खोडायची आणि ‘मुतारी’ लिहायची. स्कार्फ बांधून मी लोकांच्या हातात ‘लाजू नका’ छापलेला कागद देत होते.

एका दुपारी आई बाजाराला गेली होती, बाबा ड्यूटीवर होते. मी फळीवरून रेझर उचलला. खरंच वजनदार होता. तळहातात थंड. पाणी गरम केलं, ब्रश भिजवला, वडीवर फिरवला. फेस यायला वेळ लागतो, आणि आला की एकदम येतो, ताकावर लोणी यावं तसा. तो गरम फेस हनुवटीला लावला तेव्हा काय वाटलं ते सांगते. तिथे इतकी वर्षं फक्त दुखलं होतं. दोरा, चिमटे, पावडर, आईची नखं. तिथे काही चांगलं लागू शकतं हे मला माहीतच नव्हतं. मी तशीच उभी राहिले, आरशात पांढरी दाढी लावून, आणि मला हसू आलं.

“अर्चे!”

दारात दादा. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेला, हातात हेल्मेट.

“हे काय चाललंय?”

“दाढी.”

“कुणाची?”

“तुझी तर नाही ना? मग झालं.”

तो आधी हसला, मग माझ्या हातातल्या रेझरकडे बघून ओरडला, “अगं बाई, असा धरतात? गळा कापशील!” त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. “दांडा जरा खाली घे. अजून. आता डोकं गालाला टेकव. आवाज ऐक. खरखर आली की बरोबर. कातडी दुसऱ्या हाताने ताण.”

“दाबू?”

“शंभरदा सांगितलंय, दाबायचं नाही.”

मी हात खाली ओढला. खरखर आली. फेसात एक स्वच्छ पट्टा उमटला आणि त्या पट्ट्यात माझी हनुवटी होती, डाग होता, पण माझी होती. दुखलं नाही. शेवटी त्याने तुरटी ओली करून दिली. ती झोंबली, आणि मला ते झोंबणंही आवडलं.

“ब्लेड नवीन होतं,” दादा म्हणाला. “आणि हे बघ, आईला सांगू नकोस मी शिकवलं म्हणून.”

“का? तू तर येणाऱ्या जाणाऱ्याला शिकवतोस.”

“ते वेगळं.”

कसं वेगळं ते त्याने सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून फळीवर एक जास्तीचं ब्लेडचं पाकीट असायचं, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं.

मी चोरून करत राहिले. आईला वाटलं पावडरचा गुण आला. ती इतकी खूश झाली की तिने सिन्नरच्या स्थळाला बघायला बोलावलं. मुलगा औद्योगिक वसाहतीत नोकरीला, घरची थोडी शेती, आई आणि तो. मला विचारलं होतं का? विचारलं होतं, “कुठली साडी नेसतेस?” असं. मी म्हटलं, येऊ देत, माणूस तरी बघू. मी लग्नाच्या विरोधात नव्हते. लपवून केलेल्या लग्नाच्या विरोधात होते, कारण मला दिसत होतं की लग्नानंतर रोज पहाटे कुणाच्या आधी उठावं लागणार, कुठल्या मोरीची कडी लावून कुठल्या अंधारात काय करावं लागणार. जन्मभर एका माणसाच्या शेजारी झोपायचं आणि आपला चेहरा त्याच्यापासून लपवायचा. हे मला नको होतं, आणि हे टाळायला माझ्याकडे एकच दुपार होती.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी घाईत हात चुकला. मी दाबलं. हनुवटीच्या बरोबर मधे चीर गेली, बारीक पण खोल, तुरटीला जुमानेना. आई आत आली. तिने आधी रक्त बघितलं, मग बेसिनच्या काठावरचा फेस, मग रेझर. ती ओरडली नाही. पालथ्या बादलीवर बसली.

“वस्तरा,” ती म्हणाली. “वस्तराच लावलास.”

“आई, काही होत नाही त्याने.”

“किती दिवस?”

“बरेच.”

मग उठून तिने हळद आणली, चिरेत दाबली आणि कामाच्या आवाजात म्हणाली, “विचारलं तर सांग, मांजराने ओरबाडलं.”

“आपल्याकडे मांजर कुठाय?”

“मैत्रिणीकडचं म्हण. आणि जास्त बोलू नकोस.”

पाहुणे आले. मुलाच्या आईचा चतुर्थीचा उपास, म्हणून आईने साबुदाण्याचे वडे आणि दाण्याची चटणी केली होती. तेलाच्या वासाने पुढची खोली भरून गेली होती. मुलगा चांगला वाटला. लाजत होता, वडा गरम असल्यामुळे तोंडातल्या तोंडात फिरवत होता. त्याची आई दणकट, मोकळ्या आवाजाची बाई. तिने बाबांना देवळ्याच्या कांद्याचा भाव विचारला, दादाला पगार विचारला, आणि मग माझ्याकडे वळली.

“हनुवटीला काय झालं गं पोरी?”

“मांजर,” आई म्हणाली. “मैत्रिणीकडं गेली होती, तिथं...”

“दाढी करताना कापलं,” मी म्हणाले.

दादाने आपल्या ताटलीत मान घातली. मी पुढे बोलले, कारण सुरू केल्यावर थांबायचं नाही हे मला फाटकावर शिकवलं होतं. “मला चेहऱ्यावर केस येतात. मी दाढी करते. रेझरने. लग्न झालं तरी करावी लागेल. हे आधी सांगितलेलं बरं.” मी हे मुलाकडे बघून म्हणाले. तो वडा गिळायचा विसरला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. हे मी शपथेवर सांगेन. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलंही.

पण त्याची आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या आईकडे बघत होती. निवांतपणे, बाजारात गाय बघावी तशी, गालापासून हनुवटीपर्यंत.

“आईवर गेली म्हणायची,” ती म्हणाली.

आईचा हात पदराकडे गेला आणि पदर हनुवटीवर आला. बस, एवढंच झालं. तेवढ्यावरून मला कळलं. तिच्या सेफ्टी पिनांच्या डबीत जो बारीक चिमटा असायचा तो काटे काढायचा नव्हता. ती सगळ्यांच्या आधी का उठायची, आधी दूध न तापवता मोरीत का जायची, माझ्या हनुवटीवरचा एक केस तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कसा दिसायचा. मी तिच्याच पोटी जन्मले आणि एकवीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या बाईला दोन वड्यांत कळलं.

पाहुणे नीट बोलून गेले. “कळवतो” म्हणाले. रस्त्यावर त्यांचा आवाज विरल्यावर दादा “गाडीला पेट्रोल भरून येतो” म्हणून सटकला. आई ताटल्या गोळा करत होती.

“आई,” मी म्हणाले, “लाजण्यासारखं काही नाहीये त्यात.”

“तुझं तू सांगितलंस ना? तुझा हक्क.” तिने ताटली ताटलीवर ठेवली. “माझं तुला कुणी विचारलं होतं?”

“मी तुझं कुठे सांगितलं?”

“आईचं वेगळं सांगावं लागत नाही, अर्चे. पोरीचं सांगितलं की कळतं.”

आजही मी तेच सांगेन, तसंच सांगेन. पण आमच्या सभांमध्ये मी बायकांना उभं राहून बोला म्हणते. कुणीतरी उभी राहते, स्वतःबद्दल बोलते, आणि मागच्या रांगेत तिची आई किंवा बहीण मान खाली घालते, तेव्हा टाळ्या वाजवताना माझे हात जड होतात. यावर कसलं पत्रक काढायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

बाबा इतका वेळ खुर्चीत बसून होते. त्यांनी घसा खाकरला. “जाऊ दे गं. त्यात काय एवढं. मला तर माहीत हाय की.”

आई थांबली. “काय माहीत आहे?”

“तुझं. ते.”

“कधीपासून?”

बाबांना वाटलं, आपण दुखऱ्या जागी मलम लावतोय. त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. “पहिल्या दिवाळीपासून. तू पहाटे कंदिलाखाली बसली होतीस आरसा घिऊन. मी पाणी प्यायला उठलो होतो.”

“आणि बोलला नाहीत.”

“काय बोलणार? तुला वाईट वाटलं असतं.”

“वाईट वाटलं असतं,” आई म्हणाली. तिने ताटल्या टीपॉयवर ठेवल्या. “एकदा वाटलं असतं. रडले असते, माहेरी जाते म्हटलं असतं, आणि संपलं असतं. तुम्ही झोपलेले असायचात ना?”

बाबा खुर्चीचा हात चोळायला लागले.

“झोपलेले असायचात का नाही?”

“कधी कधी जागा असायचो.”

“मी तापात उठायचे हो. ही पोटात होती तेव्हा भिंत धरून उठायचे. मामंजी गेले त्या सकाळीसुद्धा आधी मोरीत जाऊन आले, मग रडायला बसले. आणि तुम्ही जागे.”

मला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. तिने पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची उचलली, दारात, जिथे चार वाजताचं ऊन आत यायचं तिथे नेऊन ठेवली आणि तीवर बसली. पदर खांद्यावर मागे टाकला. मान वर केली, पार्लरवाल्या काकू सांगायच्या तशी.

“या,” ती म्हणाली. “चोरून खूप बघितलंत. आता समोर येऊन बघा.”

“अगं, काय हे, पोरीसमोर...”

“पोरीसमोरच. या.”

बाबा उठले. त्यांना उठायला बराच वेळ लागला. आईसमोर जाऊन ते उभे राहिले, हात कुठे ठेवावेत हे न कळून त्यांनी ते पाठीमागे बांधले. उन्हात तिच्या हनुवटीवर, ओठांच्या कडेला, निसटून राहिलेले केस दिसत होते, काही पांढरे झालेले. आणि सगळीकडे बारीक खड्डे, चिमट्याने ओरबाडलेले, वर्षानुवर्षांचे. बाबा बघत होते. एकदा त्यांनी नजर दाराबाहेर नेली, तर आई म्हणाली, “इकडे.” त्यांनी पुन्हा बघितलं.

“झालं बघून?”

“झालं.”

“मग दूध घेऊन या. सगळं पाहुण्यांच्या चहात गेलं.”

बाबा पिशवी घेऊन गेले. मी तिच्याजवळ जायला निघाले तशी तिने माझ्याकडे न बघता हाताने थांब म्हटलं. ती तिथेच बसून राहिली, मान वर, चेहरा उन्हात, रस्त्यावरून येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल असा.